थांबा नकाशात, वेळ फाईलमध्ये

'कदंब बसचं वेळापत्रक ओपनस्ट्रीटमॅपवर चढवून द्या, झालं!' असा सल्ला गोव्यात कुणी ना कुणी देतोच. मन चांगलं, पण पत्ता चुकलेला. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा आहे. बस कधी सुटते हे सांगायचं काम जीटीएफएस या फाईलींच्या ठरावीक मांडणीचं. थांबे दोन्हींत असतात, म्हणून घोळ होतो.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. खातं उघडून कुणीही त्यात भर घालू शकतो. थांबा म्हणजे तिथे एक बिंदू: नाव, शेड आहे की नाही, बसायला बाकडं आहे का. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थांबे असतील तर बिंदूही दोन. पणजी–बेती फेरीबोटीचा मार्गसुद्धा मांडवीवर रेघ ओढून दाखवता येतो. जागेवर जाऊन पाहिलं की कळतं, ते इथे. वेळा इथे चिकटवल्या तर शिळ्या होऊन पडून राहतात.

जीटीएफएस ही २००५च्या सुमारास अमेरिकेत पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गुगल यांनी मिळून बसवलेली मांडणी. एका झिपमध्ये साध्या मजकुराच्या फाईली: थांबे, मार्ग, फेऱ्या, बस कुठल्या वारी धावते, आणि सगळ्यात लांबलचक ती प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ. पणजीहून संध्याकाळी निघालेली पुण्याची गाडी रात्री दीडला जिथे थांबेल, तिथे २५:३०:०० लिहायचं, कारण फेरी आदल्या दिवसाचीच! पणजी–मडगाव शटलचं काय? खिडकीवर तिकीट, मग रांग, गाडी भरली की सुटली. त्यालाही सोय आहे: मिनिट न बांधता 'अमुक वेळेत साधारण इतक्या मिनिटांनी एक' असं नोंदवता येतं. वाटेत हात दाखवून चढता येतं, हेसुद्धा सांगता येतं. तेव्हा 'आमच्या बसेसना वेळच नाही, फाईल कसली करता' ही सबब मला पटत नाही.

ओपनट्रिपप्लॅनरसारखं प्रवास आखून देणारं मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही वाचतं: थांब्यापर्यंतची चाल नकाशावरून, पुढची बस फाईलवरून. फाईलमधला थांबा पर्वरीच्या हमरस्त्याच्या पलीकडे पडला, तर प्रवासी चुकीच्या बाजूला उभा राहणार.

थांबे हौशी माणसांनी भरले तरी चालतं. वेळा मात्र बस चालवणाऱ्यानेच द्यायला हव्यात, आणि बदलल्या की लगेच नवी फाईल. ती फक्त गुगलला दिली म्हणजे खुली झाली असं नाही. कुणालाही उतरवून घेता यावी आणि वापराचा परवाना सोबत लिहिलेला असावा. दिल्लीने २०१८मध्ये बसचा डेटा असा खुला केला. त्या फाईलीतले थांबे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घ्यायचे असतील, तर परवाना त्याच्याशी जुळतो का हे आधी पाहायचं. गुगल मॅप्सवरून थांबे उचलणं तर मुळीच चालत नाही.