क्लारा शूमान: वाजवणं चालू राहिलं, लिहिणं थांबलं

युरो येण्यापूर्वी जर्मनीत शंभर मार्कांची जी नोट चालायची, तिच्यावर पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शूमानचा चेहरा होता आणि मागच्या बाजूला ग्रँड पियानो. नोटेवर कलावंत असणं हा मान खराच, पण क्लाराच्या बाबतीत त्यात एक वेगळंच औचित्य आहे. तिच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत पैशाचा विषय कधी फार लांब गेला नाही.

जन्म 13 सप्टेंबर 1819, लाइपझिग. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवत आणि विकतही. आई मारिआने गायिका. तिने 1824 मध्ये नवऱ्याचं घर सोडलं आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलगी बापाच्या ताब्यात गेली. ही मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा तिला ऐकू येतं का अशी शंका घरच्यांना होती. वीकने तिला घडवलं ते आपल्या शिकवण्याची चालतीबोलती जाहिरात म्हणून. तिची रोजनिशीसुद्धा वर्षानुवर्षं तोच लिहीत असे, आणि तीही तिच्या तोंडून, ‘मी’ म्हणत. क्लाराविषयी वाचलेलं बाकी काही विसरलं तरी हे विसरत नाही.

नवव्या वर्षी ती लाइपझिगच्या गेवांडहाउस या मैफलींच्या सभागृहात लोकांसमोर वाजवायला बसली. सोळाव्या वर्षी, 1835 मध्ये, तिथेच तिने स्वतः रचलेला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवला. वाद्यवृंद संगीतकार मेंडेल्सझोनच्या हाताखाली होता. 1838 मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने तिला अधिकृत वादक म्हणून गौरवलं, कवी ग्रिलपार्झरने तिच्या बेटहोवेनवादनावर कविता लिहिली आणि शहरातल्या हॉटेलांतून तिच्या नावाचा केकही मिळू लागला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये ती समोर कागद न ठेवता वाजवते म्हणून एका नामांकित लेखिकेने तिला आगाऊ ठरवलं. नोटेशन समोर ठेवून गाणारा गवई कधी न पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल काय ते कळायचं नाही. पण युरोपात पियानोवादकाने सगळं पाठ वाजवायचं ही प्रथा रुजवण्यात क्लाराचा वाटा मोठा आहे.

वीककडे शिकायला येऊन त्याच्याच घरी राहिलेला संगीतकार रॉबर्ट शूमान तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दोघांनी लग्न ठरवलं आणि बाप बिथरला. रॉबर्ट दारुडा आहे, असा आरोप त्याने कोर्टात केला. तो सिद्ध झाला नाही. क्लाराने मैफलींतून साठवलेल्या पैशावरही त्याने हक्क सांगितला होता. अखेर कोर्टाच्या परवानगीने 12 सप्टेंबर 1840 रोजी लग्न लागलं. दुसऱ्याच दिवशी तिला एकविसावं वर्ष पूर्ण होत होतं!

मग संसार. चौदा वर्षांत आठ मुलं, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. 1849 मध्ये ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन शहराबाहेर पडली आणि मग दिवस गेलेले असताना मागे राहिलेल्या मुलांना आणायला धुमश्चक्रीतून परत गेली. रॉबर्टच्या रचना लोकांपर्यंत पोचवायच्या त्याही तिनेच. हाताच्या दुखण्यामुळे त्याचं स्वतःचं वादन लग्नाच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं. घरात अडचण होती ती आवाजाची. तो लिहायला बसला की तिचा पियानो बंद. बाईने संगीत रचण्याची इच्छा धरू नये, आजवर कुणा बाईला ते जमलेलं नाही, असं तिने 1839 मध्येच रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. हे वाक्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वरचेवर वापरलं जातं. मला ते अपुरं वाटतं, कारण त्यानंतर सात वर्षांनी तिने जी मायनर या स्वरसप्तकातला पियानो त्रिकूट, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना, लिहिला, आणि तो तिच्या उत्तम रचनांपैकी आहे.

तिचं लिहिणं का अडत होतं, याचं खरं उत्तर 1853 मध्ये सापडतं. त्या उन्हाळ्याच्या काही महिने आधी हे कुटुंब ड्युसेलडॉर्फमधल्या बिल्कर रस्त्यावरच्या घरात राहायला गेलं. तिथे रॉबर्टला त्रास न होता तिला वाजवता येत होतं. 1853 च्या उन्हाळ्यात तिने रॉबर्टच्या एका धूनवरची व्हेरिएशन्स (त्याच धूनची बदलती रूपं), व्हायोलिन-पियानोसाठी तीन रोमान्स (छोट्या भावपूर्ण रचना), सहा गाणी असं भराभर लिहून काढलं. प्रतिभा आटली नव्हती. तिला एक खोली हवी होती.

फेब्रुवारी 1854 मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवून बॉनजवळच्या एंडेनिशच्या मनोरुग्णालयात ठेवलं. 29 जुलै 1856 रोजी तो तिथेच वारला. त्या अडीच वर्षांत क्लाराला त्याची भेट मिळाली ती अगदी शेवटच्या दिवसांत. सात मुलं पदरात. मैफलीला लगेच पैसे मिळतात, रचनेला मिळतात की नाही ते सांगता येत नाही. ती दौऱ्यांवर निघाली आणि पुढची चाळीस वर्षं तिने जवळजवळ काहीच रचलं नाही.

1878 मध्ये फ्रँकफर्टच्या होख संगीतशाळेने तिला पियानोची प्रमुख शिक्षिका नेमलं. संचालक राफ यांचा बायकांना नोकरी देण्याला विरोध होता. शूमानबाईंना आपण पुरुषच धरतो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. शेवटची जाहीर मैफल 1891 मध्ये झाली. रॉबर्टच्या समग्र रचनांचं संपादन तिने केलं, आणि 1893 मध्ये त्याच्या चेलोसाठीच्या काही रचना कमअस्सल वाटल्या म्हणून जाळूनही टाकल्या. 20 मे 1896 रोजी ती गेली. बॉनला रॉबर्टशेजारी तिला पुरलं आहे. बिल्कर रस्त्यावरच्या त्या घरात आता दोघांचं संग्रहालय आहे.