कायपिंगचे मनोरे: सोन्याच्या डोंगरातून आलेल्या पैशांची घरं

भातशेतीच्या मधोमध पाच-सहा मजली सिमेंटचा मनोरा, माथ्यावर रोमन कमानी आणि घुमट, आणि त्याच मजल्यावर आत पूर्वजांचं देवघर. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कायपिंग भागात अशी घरं आजही हजारावर उभी आहेत. तिथे त्यांना ‘द्याओलोउ’ म्हणतात. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वास्तूंची जात लगेच कळेल: राहायचं घर आणि लढायचा बुरूज एकाच भिंतीत.

मनोऱ्यांची परंपरा जुनी आहे. सानमेनली गावातला यिंगलोंग लोउ सोळाव्या शतकातला, मिंग राजवटीतला. तीन मजले, जवळजवळ मीटरभर जाडीच्या विटांच्या भिंती, आणि पाश्चात्त्य असं त्यात काहीच नाही. हा सखल मुलूख. थानच्यांग नदीला पूर आला की गाव पाण्यात, आणि पाणी ओसरलं की दरोडेखोर. म्हणून उंच आणि भक्कम बांधायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि कायपिंग, ताइशान, शिनहुई, एनपिंग या चार तालुक्यांतले तरुण जहाजात चढले. अमेरिकेला त्यांनी नावच दिलं ‘सोन्याचा डोंगर’. खाणीत राबले, 1869 साली पूर्ण झालेल्या रेल्वेमार्गावर सुरुंग लावले, पुढे धोबीखाने आणि खानावळी चालवल्या. पण 1882 च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं, 1923 मध्ये कॅनडानेही. चिनी माणसाला तिथलं नागरिकत्व मिळेना आणि मजुराला बायको-मुलांना नेता येईना. माझ्या मते या मनोऱ्यांचं खरं मूळ इथे आहे. परदेशात कुटुंबासह कायमचं राहायला बंदी नसती, तर इतका पैसा गावाकडे आलाच नसता. कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची, तशी कायपिंगची गावं ‘चांदीच्या पत्रां’वर चालायची: एकाच पाकिटात खुशाली आणि रक्कम.

पैसा आला तसे दरोडेखोरही वाढले. 1911 नंतर राजसत्ता कोसळली, मुलखात कुणाचा कुणाला पायपोस राहिला नाही. परदेशातून परतलेला माणूस आणि त्याची मुलं हे ओलीस धरायला सोपं सावज. 1922 च्या डिसेंबरात टोळीने कायपिंगच्या शाळेवर धाड घालून मुख्याध्यापक आणि विद्यार्थ्यांना पळवलं. यिंगत्सुन गावच्या मनोऱ्यावरच्या शोधदिव्याचा झोत टोळीवर पडला, गावकऱ्यांनी वाट अडवली आणि मुख्याध्यापकांसह बरेच विद्यार्थी सुटले. ही बातमी समुद्रापार पोचली आणि मनोऱ्यांसाठी पैशांचा ओघ लागला. 1920 आणि 30 च्या दशकांत सर्वाधिक मनोरे उभे राहिले ते असे.

बांधले ते बहुतेक गावच्याच गवंड्यांनी. सिमेंट परदेशातून यायचं, त्याला लोक म्हणायचे ‘लाल केसवाल्यांचा चिखल’. खालचे मजले साधे: जाड भिंती, लहान खिडक्या, त्यांना लोखंडी झडपा. वरच्या कोपऱ्यांवर बाहेर झुकलेल्या लहान खोल्या, त्यांचं नाव ‘पाकोळीचं घरटं’. त्यांच्या जमिनीला आणि भिंतींना जंग्या, म्हणजे थेट पायथ्याशी आलेल्यावर बंदूक रोखता येते. सगळी हौस त्याच्या वर. मालकाने परदेशात पाहिलेलं किंवा चित्रातून आणलेलं जे मनात भरलं ते माथ्यावर चढायचं: ग्रीक खांब, इस्लामी कमान, युरोपी नक्षी, आणि शेजारी चुन्यात उठवलेली चिनी शुभाक्षरं. शास्त्रशुद्ध शैली शोधणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. मला त्यात राबून मिळवलेल्या पैशांचा मोकळा आनंद दिसतो. चिनच्यांगली गावातला नऊ मजली रुईशी लोउ 1923 मध्ये सुरू होऊन दोन वर्षांत पुरा झाला. म्हणजे कॅनडाने दार लावलं त्याच वर्षी त्याचा पाया घातला गेला.

1941 च्या डिसेंबरात पॅसिफिक युद्ध पेटलं आणि पत्रं थांबली, पैसेही थांबले. 1943 साली अमेरिकेने तो जुना कायदा रद्द केला. पुढच्या काळात कुटुंबंच्या कुटुंबं परदेशी गेली आणि घरांना कुलपं लागली. एकेकाळी तीन हजारांवर असलेल्या मनोऱ्यांपैकी 1,833 उरले आहेत. 2007 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, पण त्या यादीत निवडक वीसच मनोरे आहेत. बाकीचे बांबूच्या बनांत आणि शेतांच्या कडेला बंद उभे आहेत. अनेकांचे वारस समुद्रापलीकडे आहेत, आणि त्यांच्या संमतीशिवाय गळकं छप्पर दुरुस्त करणंही अवघड होऊन बसतं.