भोक तेच, काटा उलटा: बोटीच्या पेट्रोल मीटरची दोन घराणी

जुन्या मोटारबोटीचा पेट्रोलचा मीटर बंद पडला की मालक डॅशबोर्डचं भोक मोजतो, ते ५२ मिलिमीटर निघतं, आणि तेवढ्या मापावर नवा मीटर मागवला जातो. तो भोकात नीट बसतो. मागचे तीन स्क्रू जुन्यासारखेच, चावी फिरवली की काटाही हलतो. तरीसुद्धा तो मीटर त्या बोटीचा नसू शकतो. मग टाकी रिकामी होत जाते आणि काटा फुल्लकडे चढत जातो.

याचं कारण, या मीटरची दोन घराणी आहेत: अमेरिकन आणि युरोपियन. दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. दोन्हींना चावीकडून येणारी एक वायर, अर्थची एक आणि टाकीकडून येणारी एक अशा तीनच वायरी लागतात. तबकडीवर बहुतेक वेळा घराण्याचं नाव नसतं. फरक आहे तो टाकीतल्या फ्लोट युनिटशी (पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट जोडलेला भाग) असलेल्या त्यांच्या हिशोबात. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट हलतो आणि युनिटचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. तो ओहममध्ये मोजतात. मीटर फक्त तो रेझिस्टन्स वाचतो, पेट्रोल त्याला कुठे दिसतंय! अमेरिकन युनिट रिकाम्या टाकीला २४० ओहम देतं आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपियन युनिट रिकाम्याला साधारण १० देतं आणि भरलेल्याला १८०. म्हणजे एकात पेट्रोल वाढलं की आकडा उतरतो, दुसऱ्यात चढतो.

आता अमेरिकन मीटर युरोपियन युनिटला जोडून बघा. टाकी कोरडी, युनिटचे १० ओहम, आणि मीटरच्या लेखी ३३ च्याही खाली म्हणजे फुल्लच्या पलीकडे. उलट जोडी केली तरी तेच होतं: युरोपियन मीटरला २४० ओहम मिळाले की काटा फुल्ल ओलांडून टेकतो.

सगळ्यात फसवी जागा मात्र मधली आहे. अमेरिकन युनिट अर्ध्या टाकीला साधारण १०० ओहमवर असतं, युरोपियन ९० च्या आसपास. त्यामुळे अर्ध्या टाकीवर चुकीची जोडीही जवळपास बरोबर दाखवते. मीटर बसवला, टाकीत काठी घालून पाहिली, अर्धी भरली, काटाही अर्ध्यावर, काम झालं म्हणून हात धुतले. जोडी चुकल्याचं कळतं ते पेट्रोल संपताना. म्हणून अर्ध्या टाकीवर घेतलेली चाचणी मी चाचणी मानतच नाही.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर ही चूक महागात पडते. बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जायला लाँचला दीडेक तास लागतो. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा, तिथे ना पंप, ना कुणाकडून दोन लिटर उसने मिळायची सोय. तापोळ्याकडून लांबची फेरी मारली तरी तीच गत. पुराच्या वेळी सांगलीत कृष्णेत उतरवतात त्या रबरी बोटींना सहसा हा प्रश्न येत नाही, कारण त्यांची टाकी सुटी असते आणि पेट्रोल किती उरलं ते टाकीपाशीच बघता येतं. डॅशबोर्डवर मीटर आणि फळीखाली पक्की टाकी असलेल्या बोटीला मात्र घराणं ओळखावंच लागतं.

जुना मीटर अजून थोडाफार जिवंत असेल तर ओळख सोपी आहे. चावी चालू करा आणि मीटरच्या मागच्या एस लिहिलेल्या स्क्रूवरची, म्हणजे टाकीकडून येणारी वायर काढा. ती बहुतेक बोटींत गुलाबी असते. काटा रिकाम्याकडे पडला तर मीटर अमेरिकन, फुल्लकडे उडाला तर युरोपियन. पण वायर गुलाबी आहे म्हणून मीटर अमेरिकन, असा निष्कर्ष काढू नका. जुन्या बोटीत युनिट कधी आणि कुणी बदललं याचा पत्ता वायरच्या रंगावरून लागत नाही.

मीटर पूर्ण मेला असेल तर टाकीच्या युनिटलाच विचारायचं. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, एसवरची वायर सुटी. मल्टीमीटरचं (ओहम मोजायच्या यंत्राचं) एक टोक त्या सुट्या वायरला, दुसरं अर्थच्या काळ्या वायरला. हे सगळं डॅशबोर्डपाशी बसून होतं, टाकीजवळ जावं लागत नाही, आणि ते बरंच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठून राहते. तिथे एक ठिणगीही नको.

मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवू नका. अमेरिकन युनिट रिकाम्या टाकीला २४० देतं, ते २०० च्या रेंजमध्ये मावत नाही. पडद्यावर डावीकडे नुसता १ दिसतो आणि धडधाकट युनिट तुटलंय असं समजून फेकलं जातं. २००० ची रेंज लावा. आकडा १९० च्या बराच वर असेल तर युनिट अमेरिकन, ३० च्या खाली असेल तर युरोपियन. मधला आला तर काठीने पातळी बघा, पाच-दहा लिटर पेट्रोल टाका आणि आकडा उतरतोय की चढतोय ते पाहा. पेट्रोल टाकूनही आकडा शून्याला चिकटून राहिला तर वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे.

दोन घराण्यांत मला अमेरिकन जास्त पसंत आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. पाण्यावरच्या बोटीत जोड गंजतात, अर्थ कच्चा होतो, वायर तुटते. या तिन्ही दोषांत रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकन मीटर अशा वेळी पेट्रोल आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, तुम्ही लवकर परत फिरता. युरोपियन मीटर जास्त दाखवतो. म्हणून युरोपियन जोडी असलेल्या बोटीत टाकीची अर्थ वायर दर मोसमाला घासून घट्ट करावीच.

तरीही बदलायचं काय, हे पसंतीवर ठरवू नये. युनिट चांगलं असेल तर त्याच्याच घराण्याचा मीटर घ्या, टाकी उघडायची जोखीम वाचते. युनिटच गेलं असेल तर डॅशबोर्डवरचे बाकीचे मीटर कुठल्या घराण्याचे आहेत ते पाहून युनिट घ्या, कारण ऑइल प्रेशरच्या मीटरमध्येही हाच २४०–३३ आणि १०–१८० चा भेद आहे. दोन्ही पद्धती निवडता येणारे नवे मीटरही मिळतात. कारचा जुना मीटर बसवायच्या फंदात पडू नका. काही जुन्या अमेरिकन गाड्यांचा हिशोब ० ते ९० ओहमचा आहे, म्हणजे तो या दोन्हीत बसत नाही.

मीटर काढताना आधी मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो घ्या. चावीची आणि अर्थची वायर बहुतेक वेळा एका मीटरवरून दुसऱ्यावर साखळीने गेलेली असते. मधला मीटर काढून वायरी तशाच सोडल्या तर पुढचे सगळे बंद पडतात. मागची पट्टी धरून ठेवणारे नट हाताने सुटत नसतील तर थोडं तेल सोडून थांबा. पाना लावून जोर केला की बोल्टसकट मीटर आत फिरतो. नवा बसवताना नट हातानेच घट्ट करा. जास्त आवळलं की समोरची रिंग वाकते आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत धुकं धरतं. आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) मीटरही बदलत असाल तर जुन्याच्या पाठीवरचा छोटा सिलेक्टर कुठल्या आकड्यावर आहे ते पाहून नवा तिथेच लावा, नाहीतर काटा हलेल पण आरपीएम खोटे दाखवेल.

जोडी बरोबर जमली तरी अर्धा काटा म्हणजे अर्धं पेट्रोल असं धरू नका. बोटीचा तळ निमुळता असतो आणि टाकीही पुष्कळदा तशीच, त्यामुळे खालच्या अर्ध्या उंचीत निम्म्याहून कमी पेट्रोल मावतं. टाकी रिकामी असताना बोट पाण्यात सपाट उभी करा, ट्रेलरवर नको, कारण तिथे नाक वर असतं. मग पाच-पाच लिटर मोजून टाका, प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते बघा आणि ते लिटर मीटरच्या खाली पट्टीवर लिहून ठेवा.