खोल समुद्रातील प्राण्यांचे खोलीनुसार जनुकीय अपसरण

एकाच जातीच्या, पण वेगवेगळ्या खोलीवर राहणाऱ्या प्राणिसमष्टींच्या (आपापसांत प्रजनन करणाऱ्या प्राणिगटांच्या) जनुकीय घडणीत पिढ्यान्‌पिढ्या साठत जाणारा फरक. हा फरक पुरेसा वाढल्यास समष्टींमधील संकर थांबून नव्या जाती निर्माण होऊ शकतात.

२०० मी. पेक्षा खोल भागास सामान्यतः खोल समुद्र म्हणतात. तेथे दर १० मी. खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो, तर तापमान व अन्नपुरवठा सर्वसाधारणपणे घटत जातात. खंडान्त उतारावर (खंडाच्या कडेपासून खोल तळाकडे जाणाऱ्या उतारावर) हे बदल थोड्या अंतरात घडतात. खोल तळावरील सपाट सागरी मैदानांवर मात्र परिस्थिती हजारो किमी. बरीचशी एकसारखी असते.

या विषयाचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास अटलांटिक महासागरातील डेमिन्युक्युला अटासेलाना या जेमतेम काही मिमी. लांबीच्या शिंपल्यावरील आहे. रॉन एटर, मायकेल रेक्स व त्यांचे सहकारी यांनी १९९८ च्या सुमारास फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या जुन्या नमुन्यांतून तंतुकणिकांतील (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियातील) डीएनए वेगळे केले. फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे होत असल्याने लहान खंडच वाचता येतात. तरीही उताराच्या वरच्या व खालच्या भागांतील समष्टींमधला भेद स्पष्ट दिसला. पुढे संपूर्ण अटलांटिकमधील नमुने तपासले असता दूरदूरच्या सागरी खोऱ्यांतील समष्टींपेक्षा भिन्न खोलीवरील समष्टींत अधिक जनुकीय अंतर आढळले. चार द्विपुट (दोन शिंपांच्या) प्राणिजातींवरील २००५ च्या अभ्यासात समष्टींमधील भेद खोलीबरोबर कमी होत गेला. यावरून खंडान्त उतार हेच नव्या जातींच्या उत्पत्तीचे प्रमुख क्षेत्र असावे, असे या संशोधकांचे मत आहे.

अपसरणाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. दाबानुसार होणारी नैसर्गिक निवड हे एक कारण मानले जाते व त्यास जीवरसायनशास्त्राचा आधार आहे. सेबॅस्टोलोबस या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) दोन जातींच्या माशांपैकी अधिक खोल राहणाऱ्या माशाचे लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम दाबाला कमी संवेदनशील असल्याचे सीबेनॅलर व सोमेरो यांनी १९७८ मध्ये दाखवले. दुसऱ्या मतानुसार समष्टी पूर्वी अन्य कारणाने विलग झाल्या व पुढे निरनिराळ्या खोलीवर स्थिरावल्या. केवळ तंतुकणिकांच्या डीएनएवरून या दोन शक्यतांत निवाडा करणे कठीण असते, कारण तो मातेकडूनच येणारा एकच वारसा दाखवतो. म्हणून संपूर्ण जीनोमवरील (सजीवाच्या सर्व डीएनएवरील) पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो. कोरिफेनॉइडीस रुपेस्ट्रिस या माशाच्या २०१८ मधील अभ्यासात प्रथिनांची घडण बदलणाऱ्या काही जनुकस्थानांवर खोलीनुसार भेद आढळला, पण निवडीशी संबंध नसलेल्या स्थानांवर तसा स्पष्ट भेद नव्हता. भिन्न जनुकप्रकारांचे मासे वाढत्या वयात वेगवेगळ्या खोलीकडे वळत असावेत, असे अनुमान त्यावरून काढले गेले. म्हणजे खोलीनुसार भेद असला तरी प्रजननातील विलगता गृहीत धरता येत नाही.

युरिथेनीस ग्रिलस या मृतभक्षक अँफिपॉडच्या (कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्याच्या) उतारावरील व त्याहून खोल समष्टींतील मोठा फरक १९९६ मध्ये नोंदवला गेला. नंतर या नावाखाली अनेक गुप्त (दिसायला सारख्या, पण जनुकीयदृष्ट्या वेगळ्या) जाती एकत्र मोजल्या जात असल्याचे दिसून आले.