मापाचे ग्रेन, वजनाचे ग्रेन

आपल्याकडे शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे तराजूत सारखे भरत नाहीत, हे माझ्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अमेरिकेत ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, बंदूक भरायला शिकणाऱ्या माणसाची नेमकी इथेच गफलत होते. दारूचा ‘ग्रेन’ही तिथे दोन तऱ्हांचा आहे, आणि दोन्हींना नाव एकच.

वजनाचा ग्रेन सरळ आहे. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६४.८ मिलिग्रॅमचा. मापाचा ग्रेन म्हणजे जागा: तेवढ्या ग्रेन वजनाची काळी दारू जेवढी जागा व्यापते, तेवढी. खरी काळी दारू वापरायचे तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ जुळत, म्हणून पितळी मापावर ग्रेनचेच आकडे कोरले गेले. पुढे पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ अशा पर्यायी दारू आल्या. त्या काळ्या दारूपेक्षा हलक्या आहेत, पण मापं तीच राहिली.

ब्लॅकहॉर्न २०९ घ्या. मापाने १०० ग्रेन भरा आणि तीच दारू तराजूवर ओता, काटा ७० च्या आसपास थांबतो. तिची कमाल भरती मापाने १२०, म्हणजे वजनाने ८४ ग्रेन. आता एखाद्याने ‘१२०’ एवढंच वाचलं आणि घरी तराजूवर १२० तोलले, तर नळीत मापाने १७० ग्रेनहून जास्त दारू गेली. अशी बंदूक चेहऱ्याजवळ फुटू शकते. उलट चूक, म्हणजे ८४ चा आकडा मापाने भरणं, जिवावर बेतत नाही, पण गोळीचा जोर अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि जखमी हरीण रानात निघून जाऊ शकतं. मला दोन्ही चुका सारख्याच सलतात.

ट्रिपल सेव्हनची गोष्ट आणखी वेगळी. ती मापानेच भरायची, पण काळ्या दारूपेक्षा जोरकस असल्याने माप सुमारे १५ टक्के कमी घ्यायचं: १०० च्या जागी ८५. गोळीच्या डबीवरचा आकडा मात्र नेहमी वजनाचाच. ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम शिसं, तिथे मापाचा प्रश्नच नाही.

कोलोरॅडोत हा फरक जास्त जाणवतो. तिथल्या ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात दारूच्या तयार गोळ्या चालत नाहीत, सुटी दारूच लागते. दुर्बीण नाही, गोळीभोवती प्लास्टिकचं वेष्टणही नाही. म्हणजे प्रत्येक भरती आपल्या हाताने मोजलेली.

डोंगर चढायचा म्हणून लोक मध्यात मोडून उघडणारी हलकी बंदूक निवडतात. सीव्हीए वुल्फसारखी, २४ इंची नळीची, सव्वासहा पौंडांच्या आसपासची. माझीही पसंती तिलाच. पण हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते, म्हणून कमाल भरतीच्या मागे लागू नका. मापाने ८० पासून सुरुवात करा, दहा-दहाने वाढवत जा, आणि जिथे गोळ्या एकाच ठिकाणी बसू लागतील तिथे थांबा. बंदुकीच्या पुस्तिकेतली मर्यादा आणि दारूच्या डब्यावरची मर्यादा यांत जी कमी, ती पाळायची. काडतुसातली बिनधुराची दारू अशा बंदुकीत चिमूटभरही नको.

भरताना आधी गज, म्हणजे ठासायची लांब काठी, रिकाम्या नळीत सोडून तोंडाशी खूण करून ठेवा. दारू पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, अजून लावायचा नाही. डब्यातून मापात, मापातून नळीत. डबा थेट नळीशी नेला आणि आत ठिणगी राहिलेली असली तर अख्खा डबा पेटतो. माप काठोकाठ भरा, बोटाने दोनदा टिचकी मारा, वरचा थर सपाट करा, आणि दर वेळी टिचक्या तेवढ्याच. मग गोळी ठासा, ती दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. इथे गजावर दुसरी खूण करा, ‘भरलेली’ची. २०९ नंबरचा प्रायमर अगदी शेवटी, जागेवर पोचल्यावर.

कोकणात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना गजाची ही खूण नवी वाटणार नाही. (आपल्याकडे हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे सगळं तिकडचं.) पण मोडून उघडणारी बंदूक त्यांनाही चकवेल. काडतुसाची बंदूक उघडली की भरलेली आहे की नाही ते दिसतं. ही उघडली तर दिसतो फक्त मागचा बूच आणि प्रायमरची जागा. त्यापुढे दारू आणि गोळी बसलेली असेल तरी डोळ्याला काही कळत नाही. म्हणून तंबूत परतल्यावर प्रायमर काढा, गज हलकेच नळीत सोडा आणि तो कुठल्या खुणेवर थांबतो ते बघा.