ताक पितो म्हणजे फायबर मिळालं, असं नसतंय: प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिकचा घोळ

शहापूरच्या आमच्या काकूंच्या फ्रिजमध्ये हल्ली प्रोबायोटिकच्या चिमुकल्या बाटल्या असतात. गल्लीत एकाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून. सकाळी एक बाटली, आणि तिच्याबरोबर काय तर मैद्याचे टोस्ट! म्हटलं काकू, पाहुणे बोलावलात, पण चुलीवर काय ठेवलंच नाही की ओ.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. बरेचसे पोटातल्या ॲसिडमध्येच मरतात, पोचले ते पण सहसा मुक्काम करत नाहीत, पिणं थांबलं की थोड्या दिवसांत गायब. प्रीबायोटिक म्हणजे जंतू नव्हेच, आत आधीपासून राहणाऱ्या जंतूंचं जेवण, म्हणजे काही प्रकारचं फायबर, जे आपल्याला पचत नाही पण हे जंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनतं, मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच.

2015 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या स्टीफन ओकीफ यांच्या टीमचा अभ्यास आला. आफ्रिकन अमेरिकन लोकांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर वर्षाला लाखात 65 च्या आसपास आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत 5 पेक्षा कमी, दोघांचं मूळ आफ्रिकेतच. मग दोन्हीकडच्या 20-20 जणांचं जेवण दोन आठवडे बदललं. अमेरिकनांचं फायबर दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 वर नेलं, चरबी कमी केली, खेड्यातल्यांना बर्गर-फ्राईज. अमेरिकनांचं ब्युटिरेट अडीचपट झालं, खेड्यातल्यांचं निम्म्यावर आलं. आतड्याची सूज आणि पेशींची वाढ अमेरिकनांत कमी झाली, खेड्यातल्यांत वाढली. आता दोन आठवड्यांत कॅन्सर मोजता येत नाही, या नुसत्या धोक्याच्या खुणा आहेत, पण बाटलीतले जंतू कुणालाच पाजले नव्हते, हे बघा.

ताकाला मी नावं ठेवत नाही हां, त्यातलं कॅल्शियम कामाचंच आहे. पण ताकात फायबर शून्य. जोंधळ्याच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम, गव्हाच्या आट्यात पण 11 च्या आसपास, म्हणजे चपातीवर उगाच राग नको, मैद्यात मात्र 3 पण नाही. मटकी, हुलग्यातनं मिळतं ते आणि वेगळंच.

आणि खानापूरकडं रात्रीचा गार भात सकाळी ताक घालून खातात ना, त्यात दोन्ही येतं, ताकातले जिवंत जंतू पण आणि जंतूंचं जेवण पण. भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, म्हणजे जंतूंचं खाणं. फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा, बाटल्या सरकवून जागा करा.