हिकारीचा पूल आणि पीजीबाउन्सरचा पूल

पणजीत आम्ही गेस्ट हाउसच्या आरक्षणाची प्रणाली सांभाळतो आणि डिसेंबरचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच: आपल्या जावा ॲप्लिकेशनमध्ये हिकारीसीपी असताना पीजीबाउन्सर आणखी कशाला? दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि दोघांनाही कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी जोडलेली कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारा साठा, म्हणतात, त्यामुळे घोळ होणे स्वाभाविक आहे.

पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो, म्हणून नवे कनेक्शन वेळखाऊ असते आणि उघडे राहिलेले कनेक्शन मेमरी अडवून बसते. एका वेळी किती कनेक्शन चालतील हे ठरवणाऱ्या मॅक्स_कनेक्शन्सचे मूळ मूल्य १०० असून त्यांतील ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या प्रशासकासाठी, राखीव असतात. आपल्या वाट्याला ९७ येतात.

हिकारी ॲप्लिकेशनच्या पोटात राहतो. त्याची कमाल मर्यादा मुळात १० असते, आणि किमान संख्या वेगळी दिली नाही तर तीही तितकीच धरली जात असल्याने, काम असो वा नसो, दहाही कनेक्शन उघडी राहतात. शेजारी चालणाऱ्या त्याच ॲप्लिकेशनच्या दुसऱ्या प्रतीने किती कनेक्शन धरली आहेत, हे त्याला कळत नाही. आमच्या पाच प्रती म्हणजे ५० कनेक्शन, म्हणजे सारे आलबेल. पण नवी आवृत्ती चढवताना जुन्या पाच उतरण्याआधी नव्या पाच उभ्या राहिल्या, मागणी १०० झाली, आणि उरलेल्या जागा राखीव असल्याचा संदेश लॉगमध्ये ओळीने उमटू लागला. चालू कनेक्शनांची यादी दाखवणारी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहिली, तर बहुतेक ओळींपुढे ‘आयडल’, म्हणजे बिनकामाचे, लिहिलेले होते.

पीजीबाउन्सर ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्या मध्ये, मुळात ६४३२ या पोर्टवर, स्वतंत्रपणे चालतो आणि सगळ्या प्रतींचा हिशेब एकत्र ठेवतो. हिकारी म्हणजे हॉटेलने दारात बांधून ठेवलेल्या स्वतःच्या स्कूटर, तर पीजीबाउन्सर म्हणजे पायलटांचा, आपल्या गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचा, स्टँड. मात्र पायलट स्टँडवर कधी परततो, हे पूल_मोड या सेटिंगवर ठरते, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. मूळ मूल्य ‘सेशन’ असते. त्यात क्लायंटचे (आमच्याकडे हिकारीचे) कनेक्शन तुटेपर्यंत डेटाबेसचे कनेक्शन त्याच्याच नावे राहते. हिकारी तर कनेक्शन सहसा अर्धा तास सोडत नाही. म्हणजे डीफॉल्ट_पूल_साइझ (पीजीबाउन्सरने डेटाबेसकडे उघडायच्या कनेक्शनांची संख्या) मुळातल्या २० वर असताना ५० पैकी ३० कनेक्शन ताटकळतात आणि पूलर बसवूनही पदरात काही पडत नाही.

‘ट्रान्झॅक्शन’ मोडमध्ये कमिट किंवा रोलबॅक होताच, म्हणजे चालू व्यवहार पक्का किंवा रद्द होताच, कनेक्शन मोकळे होते. पण पुढच्या वेळी दुसराच पायलट येऊ शकतो, तेव्हा आधीच्या गाडीवर पिशवी विसरून चालत नाही: सेटने बदललेली मूल्ये, लिसन (डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणे), सेशनपुरते ॲडव्हायझरी लॉक (ॲप्लिकेशनने स्वतःच्या सोयीसाठी घेतलेले कुलूप), ट्रान्झॅक्शनपलीकडे लागणारी तात्पुरती टेबले यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची, म्हणजे सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीची, हीच गत होती. पीजीबाउन्सरच्या २०२३ मधील १.२१ आवृत्तीपासून मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्याहून अधिक ठेवल्यास ती चालतात. त्याहून जुनी आवृत्ती असेल, तर जावा ड्रायव्हरमध्ये प्रिपेअरथ्रेशोल्ड शून्य करावा; एरवी पाचव्या फेरीपासून तो सर्व्हरवर नाव दिलेले स्टेटमेंट बनवू लागतो.

एकाच यंत्रावर एकच प्रत असेल, तर हिकारी पुरेसा आहे. प्रती वाढत असतील, किंवा पीएचपीसारखी प्रत्येक विनंतीला नवे कनेक्शन उघडणारी मंडळी असतील, तर पीजीबाउन्सर घ्यावा.

दोन्ही ठेवल्यास हिकारीची संख्या लहान असावी. पीजीबाउन्सरमध्ये डीफॉल्ट_पूल_साइझ प्रत्येक वापरकर्ता-डेटाबेस जोडीमागे मोजला जातो, हे विसरू नये, आणि मॅक्स_क्लायंट_कॉन (पीजीबाउन्सरला एकूण किती क्लायंट कनेक्शन जोडता येतील ती मर्यादा) मुळात १०० च असल्यामुळे तो मुद्दाम वाढवावा. ॲडव्हायझरी लॉक घेणारी मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलणारी) साधने मात्र पीजीबाउन्सर टाळून थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ या पोर्टवर जोडावीत.